बाद मांसाची किंमत

कत्तलखान्यात माझ्या टेबलाशेजारी एक पत्र्याचा डबा असायचा. बकरं सोलून हुकाला टांगलं की मी त्याची फुप्फुसं, काळीज म्हणजे यकृत, प्लीहा, आतड्यालगतच्या गाठी हातानं चाचपून बघत असे. काळजाच्या नळ्यांत पर्णकृमी दिसले, फुप्फुसात पाण्याच्या गाठी लागल्या, की तेवढा भाग कापून डब्यात. अख्खं जनावर काविळीनं पिवळं पडलेलं असेल किंवा अंगात ताप असतानाच कापलं गेलं असेल, तर अख्खं धड बाद. वहीत नोंद, खाली सही. नियमाप्रमाणे माझं काम तिथं संपायचं.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका वयस्कर खाटकानं मला विचारलं, "डॉक्टरसाहेब, धड बाद केलंत ते बरोबरच आहे. पण बकरं मी आठवड्याच्या बाजारातून रोख देऊन आणलंय. ते पैसे आता मी कुणाकडं मागायचे?" त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं. मला उत्तर देता आलं नाही. संध्याकाळी निघालो तेव्हा डबा रिकामा होता, आणि त्या दिवशी कचरागाडी आलीच नव्हती. डबा कुणी रिकामा केला हे मी तेव्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पुढं मात्र बाद धडाला स्वतः खोल काप देऊन त्यावर फिनाईल ओतल्याशिवाय मी टेबल सोडलं नाही. फिनाईलचा वास धुतला जातो, हेही मला माहीत होतं.

निवृत्तीनंतर मी याच एका गोष्टीचा विचार करत आलोय. बाद मांसाबद्दल आपल्याकडं बोलणं होतं ते स्वच्छतेचं, नियमांचं, छाप्यांचं, दंडाचं. पैशांचं बोलणं होत नाही. खाण्याला अयोग्य ठरलेलं मांस नष्ट करायला खर्च येतो, आणि तो कुणीतरी सोसतंच. महाराष्ट्रात समाज म्हणून आपण तो कधीच सोसलेला नाही. आधी तो एका जातीवर लादला, नंतर गिधाडांवर सोडला, आणि आता कोंबड्यांची शेड असलेल्या शेतकऱ्यावर आणि लहान खाटकावर टाकलाय. ज्याच्या खिशाला तो झेपत नाही, तो मांस नष्ट करत नाही, विकतो. सरकारी तिजोरीतून हा खर्च झाल्याशिवाय कितीही कडक नियम केले तरी बाद मांस आपली वाट शोधणारच.

गावगाड्यात मेलेलं ढोर ओढून नेणं हे महारांवर लादलेलं काम होतं. त्याच्या बदल्यात हाडकी-हाडोळ्याची वतनी जमीन होती, आणि मेलेल्या जनावराचं मांस हाच मोबदला समजला जायचा. म्हणजे जे मांस गावानं स्वतःसाठी अयोग्य ठरवलं, तेच दुसऱ्या माणसांचं अन्न म्हणून गावानं मंजूर केलं. सार्वजनिक आरोग्याच्या नजरेनं या व्यवस्थेकडं आपण फारसं बघत नाही. बघायला हवं. 19 आणि 20 मार्च 1927 रोजी महाडला भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस सोडा असं आपल्या लोकांना निक्षून सांगितलं. स्वाभिमानाची ती हाक होतीच. मांस तपासणारा माणूस म्हणून मला ती आरोग्याचीही हाक वाटते, कारण रोगानं मेलेल्या जनावराच्या मांसाबद्दल त्याहून योग्य सल्ला कुठल्याही पशुवैद्यकाला देता आला नसता. लोकांनी ते काम टाकलं, आणि टाकलं ते योग्यच केलं. पण गावानं त्या जागी काय उभं केलं? ना गाडी, ना खड्डा, ना पगारी माणूस. 2016 मध्ये गुजरातेत उना इथं मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या दलित तरुणांना मारहाण झाली, तेव्हा निषेध म्हणून सुरेंद्रनगरच्या जिल्हाधिकारी कचेरीपुढं मृत जनावरं आणून टाकण्यात आली. हे काम फुकटात आणि अपमान सोसून कोण करत होतं, ते त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

माणसांनी हात काढून घेतला तरी काही काळ फरक जाणवला नाही, कारण आकाशात गिधाडं होती. गिधाडांचा थवा एक बैल तासाभरात हाडांपर्यंत साफ करायचा. त्यांच्या पोटातल्या आम्लात बहुतेक जंतू टिकत नाहीत. मग जनावरांच्या दुखण्यावर डायक्लोफेनॅक सर्रास वापरलं जाऊ लागलं. औषध दिलेलं जनावर लगेच मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांचे मूत्रपिंड निकामी व्हायचे. 1992 ते 2007 या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या भारतात 99.9 टक्क्यांनी घसरली. कारण सापडलं 2004 मध्ये आणि जनावरांसाठी या औषधावर बंदी आली 2006 मध्ये. तोवर उकिरड्यांवर कुत्री वाढली होती, आणि त्यांच्यासोबत रेबीजचा धोकाही. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी 2024 मध्ये हिशेब मांडला की गिधाडं नाहीशी झाल्यामुळं 2000 ते 2005 या पाच वर्षांत भारतात सुमारे 5 लाख जादा माणसं दगावली. आकडा अंदाजाचा आहे, त्यावर वाद होऊ शकतो. पण ज्या कामाला आपण एक रुपयाही देत नव्हतो त्याची किंमत काय होती, याची निदान दिशा त्यातून कळते.

आता तिसरा वाटेकरी. आज महाराष्ट्रात बाद मांसाचा सगळ्यात मोठा प्रश्न कोंबडीचा आहे, आणि तो कत्तलखान्यात नाही, शेडवर आहे. पाच हजार बॉयलरच्या शेडवर काहीही बिघडलं नसताना एका बॅचमागं शेकडा चार-पाच पक्षी मरतात. म्हणजे रोज पाच-सात मेलेल्या कोंबड्या. उन्हाळ्यात वीज गेली की एका दुपारी पाचशे. या मरतुकीचं काय करायचं? नियम सांगतो, खोल खड्डा घ्या, चुना टाका, पुरा. कोकणात जांभा दगड फोडून खड्डा घ्यायला जेसीबी लागतो, पावसाळ्यात दोन फुटांवर पाणी लागतं. नदीकाठच्या काळ्या रानात तोच खड्डा शेजारच्या विहिरीला पाझरतो. आणि कुणीतरी मोटरसायकलवर निळा पिंप बांधून शेडवर येतो, किलोला पाच-दहा रुपये हातावर ठेवतो आणि सगळं घेऊन जातो. शेतकरी विचारत नाही. मी त्याच्या जागी असतो तर विचारलं असतं, असं मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

तो पिंप कुठं जातो? बरेचदा मांगूरच्या तळ्यावर. थाय मांगूर हा मासा पाळायला केंद्र सरकारनं 2000 मध्येच बंदी घातली, 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं असलेला साठाही नष्ट करायला सांगितला. तरी उजनीच्या पाणलोटात मत्स्यव्यवसाय विभागाला ही तळी पुन्हा पुन्हा उद्ध्वस्त करावी लागली आहेत. सडकं मांस खाऊन झपाट्यानं वाढणारा मासा आहे तो, म्हणूनच लोक तो पाळतात. म्हणजे बाद कोंबडी मासा होऊन बाजारात येते. आणि दुसरी वाट याहून सरळ असते. एप्रिल 2018 मध्ये कोलकात्याजवळच्या बजबज इथं उघड झालं की उकिरड्यावर टाकलेल्या मेलेल्या जनावरांचं मांस कापून, रसायनं लावून, गोठवून हॉटेलांना पुरवलं जात होतं. एका शीतगृहातून सुमारे 20 टन माल पोलिसांनी जप्त केला. बंगालीत मेलेली जनावरं टाकायच्या जागेला भागाड म्हणतात, त्यावरून ते प्रकरण भागाड कांड म्हणून गाजलं. कित्येक आठवडे तिथं लोकांनी हॉटेलात मांस खाणं टाळलं. ज्या खाटकांचा त्यात काडीचाही संबंध नव्हता, त्यांचा धंदा बसला.

"पण शिजवल्यावर सगळं मरतंच की," असं मला शिकलेली माणसंही म्हणतात. अर्धं खरं आहे. बर्ड फ्लूचा विषाणू 70 अंशांना मरतो, त्यामुळं नीट शिजलेल्या रश्श्यातून तो येत नाही. तो येतो कोंबडी सोलणाऱ्याच्या हातातून, पिसं उपटताना श्वासावाटे. काही जंतू स्वतः मरतात पण त्यांनी आधीच मांसात सोडलेलं विष उकळूनही टिकतं. औषधांचे अंशही शिजवून पूर्ण जातील याची खात्री नसते. आणि फाशी म्हणजे अँथ्रॅक्स रोगाचं जनावर असेल तर शिजवण्यापर्यंत पोचायच्या आतच घात होतो. फाशीनं मेलेलं जनावर फाडायचंच नसतं. हवा लागली की त्या जंतूंचे बीजाणू बनतात आणि ते मातीत दशकानुदशकं जिवंत राहतात. मांस कापणाऱ्याच्या हातावर उठणारी काळपुळी तिथूनच येते.

नियम किती बारकाईनं लिहायला हवेत याचं हे उत्तम उदाहरण आहे. आपल्याकडं सगळ्या रोगांना एकच मंत्र आहे: खड्डा, चुना, माती. पण जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन सांगतं की फाशीच्या जनावरावर चुना टाकू नये, कारण चुन्यातलं कॅल्शियम बीजाणूंना टिकायला मदत करतं असं दिसतं. जाळणं बरं. गावातल्या माणसानं नियम पाळण्यासाठी चुन्याची गोणी आणावी आणि त्यानंच रोग पुढच्या पिढीला राखून ठेवावा, यात त्याची चूक नाही. हे त्याला सांगायला तालुक्याला डॉक्टर हवा, आणि जाळायला सरपणाचे किंवा भट्टीचे पैसे हवेत.

पैसे दिले तर काय होतं हे आपण आपल्याच राज्यात पाहिलेलं आहे. 2022 मध्ये गुरांमध्ये लम्पी हा त्वचेचा साथरोग आला. राज्य सरकारनं दुभत्या गाईमागं 30 हजार, बैलामागं 25 हजार आणि वासरामागं 16 हजार रुपये मदत जाहीर केली. त्यासाठी जनावर मेल्यावर पंचनामा लागायचा. लोक स्वतः फोन करायचे. डॉक्टर यायचा, फोटो निघायचा, ग्रामपंचायत खड्डा काढायची. रोग आटोक्यात आणायला लस लागली हे खरं, पण मेलेलं जनावर ओढ्यात ढकलून द्यायची गरज उरली नाही ती या मदतीमुळं.

याच्या उलट कोंबडीचं. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. 18 तारखेला भोपाळच्या प्रयोगशाळेनं खात्री केली आणि पुढच्या काही दिवसांत लाखो पक्षी मारून पुरले गेले. 2021 मध्ये तो पुन्हा आला, जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात, फेब्रुवारीत पुन्हा नवापुरात. तेव्हा भरपाईचे दर होते मोठ्या अंड्यावरच्या कोंबडीला 90 रुपये, मोठ्या बॉयलरला 70, पिल्लाला 20. पण ही भरपाई सरकारनं मारलेल्या पक्ष्यांना मिळते. रोगानं आधीच मेलेल्यांना मिळत नाही. ज्याच्या शेडवर रोग सगळ्यात आधी आला, ज्याच्याकडं सगळ्यात जास्त मेले, ज्यानं लवकर कळवावं अशी आपली सगळ्यात जास्त गरज आहे, त्यालाच सगळ्यात कमी मिळतं. मग पहिल्या दिवशी दोनशे मेल्यावर तो काय करेल? उरलेले जिवंत असतील तोवर गाडी बोलावून माल उचलायला लावेल. नियम करणाऱ्यांनी हे कागदावर एकदा मांडून पाहिलं असतं तर दिसलं असतं.

डिसेंबर 2024 च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं मेले. संशय त्यांना दिलेल्या कोंबडीच्या मांसावर होता. पिंजऱ्यातल्या वाघाला रोज कुणीतरी हिशेबानं, पावती घेऊन मांस आणून देतं. तिथं हा संशय घ्यावा लागतो, तर पावतीशिवाय घेतलेल्या मांसाबद्दल काय बोलायचं.

आता बाद मांसाला लावायच्या रंगाची गोष्ट, कारण माझ्या मते पैशाखालोखाल महत्त्वाची ती आहे. ब्रिटनमध्ये मॅड काऊ या गुरांच्या मेंदूच्या रोगाची पहिली खात्री 1986 मध्ये झाली. 1989 मध्ये गाईबैलांचा मेंदू, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू असे धोक्याचे अवयव माणसाच्या खाण्यातून बाद ठरले. नियम झाला, पण बाद झालेले अवयव आणि इतर टाकाऊ माल एकाच ढिगात मिसळत राहिले आणि जनावरांच्या खाद्यात उतरत राहिले. शेवटी 1995 मध्ये या अवयवांना निळा रंग लावणं सक्तीचं झालं, म्हणजे काळा रंग लावलेल्या इतर बाद मालापासून ते लांबूनही वेगळे ओळखू यावेत. मधली सहा वर्षं वाया गेली. त्या रोगाच्या मानवी रूपानं ब्रिटनमध्ये पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली.

कोंबडीच्या बाद मांसाला मात्र तिथं रंगाची सक्ती नव्हती. ती फट लोकांनी हेरली. कुत्र्यामांजरांच्या खाद्यासाठी म्हणून बाद कोंबडी विकत घ्यायची, धुऊन-कापून माणसांच्या बाजारात पाठवायची. डर्बीशायरमधल्या अशा टोळीला 2003 मध्ये नॉटिंगहॅमच्या न्यायालयात शिक्षा झाली. अशा प्रकरणांनंतरच कोंबडीलाही रंग लागू झाला. पुढं युरोपनं टाकाऊ मांसाचे धोक्यानुसार तीन वर्ग केले. धोक्याच्या मालासाठी प्रक्रियाही ठरवली: तुकडे 50 मिलिमीटरपेक्षा मोठे नकोत, तापमान 133 अंश, दाब 3 बार, वेळ 20 मिनिटं. त्यातून निघालेल्या चरबीतसुद्धा खुणेचं रसायन मिसळतात, म्हणजे ती उद्या कुठल्या खाद्यात सापडली तर कुठून आली ते कळावं.

आपल्याकडं जप्त मांसावर फिनाईल नाहीतर ब्लीचिंग पावडर टाकतात, तीही वरवर. फिनाईल टाकलेलं मांस तासभर नळाखाली धरलं की झालं. खोल काप देऊन चोळलेला रंग तंतूंत उतरतो, तो काढायचा तर मांसच फेकावं लागतं. डबाभर रंगाला फार पैसे पडत नाहीत. माझ्या सगळ्या नोकरीत मी रंगासाठी तीनदा मागणीपत्र दिलं, तीनदा ते "तरतूद नाही" या शेऱ्यानं परत आलं.

कायद्याची कमतरता आपल्याला नाही. अन्न सुरक्षा कायदा 2006 चा आहे, असुरक्षित अन्नानं कुणाचा जीव गेला तर किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा त्यात आहे. 2009 च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्यात रोगी जनावराचं शव नदी-तलावात टाकायला मनाई आहे. 2001 चे कत्तलखान्याचे नियम सांगतात की एका पशुवैद्यकानं तासाला 12 आणि दिवसाला 96 पेक्षा जास्त जनावरं तपासू नयेत. हा नियम मला मनापासून आवडतो, कारण पाच मिनिटांशिवाय जनावर नीट तपासून होतच नाही. पण सणाच्या आदल्या दिवशी लागतील तितके डॉक्टर कोण देणार? अडचण अशी आहे की शेडवरची कोंबडी पशुसंवर्धन विभागाची, दुकानातली कोंबडी अन्न व औषध प्रशासनाची, आणि उकिरड्यावरची महापालिकेची. मोटरसायकलवरच्या निळ्या पिंपातली कोंबडी कुणाचीच नाही.

मी मागतोय ते फार मोठं नाही. प्रत्येक तालुक्यात मेलेल्या पक्ष्यांसाठी आणि जनावरांसाठी सरकारी खर्चानं फिरणारी एक बंद गाडी. जिल्ह्याला एक भट्टी किंवा प्रक्रिया केंद्र. केरळात कोंबडीच्या दुकानांचा टाकाऊ माल किलोमागं शुल्क घेऊन प्रक्रिया केंद्रांत नेला जातो आणि कन्नूर जिल्ह्यानं त्यात वाट दाखवलीय, तेव्हा हे अशक्य आहे असं कुणी म्हणू नये. फक्त तिथला दुकानाचा चांगला टाकाऊ माल आणि मेलेला-बाद माल एकत्र करू नये, ब्रिटननं ती चूक केली होती. बाद धडाला जागेवरच रंग. लहान खाटकाचं जनावर कापल्यानंतर लपलेल्या रोगामुळं बाद झालं, तर किमतीचा काही वाटा परत.

यावर हरकत येते की मेलेल्या कोंबडीला पैसे दिले तर लोक मुद्दाम मारतील. म्हणून मी मेलेल्या कोंबडीची बाजारभावानं भरपाई मागत नाही. गाडी फुकट यावी आणि निळ्या पिंपवाल्यापेक्षा किलोला दोन रुपये जास्त मिळावेत, एवढंच. दीडशे रुपयांची जिवंत कोंबडी किलोमागं बारा रुपयांसाठी कुणी मारत नाही. आणि बर्ड फ्लूमध्ये, प्रयोगशाळेनं रोगाची खात्री केल्यावर, कळवलेल्या दिवसापासून मेलेल्या पक्ष्यांनाही मारलेल्यांचाच दर द्यावा. जो लवकर कळवेल त्याला जास्त मिळेल. खर्च कुठून काढायचा, तर राज्यात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बॉयलरवर मोठ्या कंपन्यांकडून काही पैशांचा अधिभार घ्यावा. करारावरच्या शेतकऱ्याकडून नको, त्याला वाढीचा दरच जेमतेम परवडतो.

ते वयस्कर खाटीक आता नाहीत. त्यांचा मुलगा त्याच गाळ्यात बसतो. गेल्या महिन्यात मी महापालिकेकडं माहितीच्या अधिकारात दोनच आकडे मागितले: मागच्या वर्षभरात शहरात किती किलो मांस बाद ठरलं, आणि त्यातलं किती किलो नष्ट केल्याची नोंद आहे. अर्ज लिहून झाल्यावर मी तो त्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, "साहेब, तिसरा आकडा पण मागा. नुकसान कुणाच्या नावावर टाकलं?" मी तो खाली हातानं लिहून घातला. 30 दिवसांची मुदत येत्या गुरुवारी संपते.